उंच मनोरे आणि नावड्याचें घर

दिवा-पनवेल लोहमार्गावर ‘नावडे रोड’ नांवाचें एक लहानसें स्थानक आहे. जवळच तळोज्याचे कारखाने, जुनें नावडे गांव आणि सभोंवार सिडकोनें आंखलेल्या नव्या वसाहतीच्या इमारती. मुंबईंत घर परवडत नसेल तर कोठें जावें, असें कोणी विचारलें कीं आज ज्या दिशेस बोट दाखविलें जातें, त्या दिशेवरचें हें एक ठिकाण होय.

घरटंचाईचें नांव काढलें कीं मुंबईचें बेट अरुंद आणि माणसें फार, हें उत्तर ठरलेलें असतें. तें खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. २०११ च्या जनगणनेच्या वेळीं बृहन्मुंबईंत सुमारें ४ लक्ष ८० हजार घरें रिकामीं आढळलीं. आणि त्याच शहरांत दर पांच माणसांमागें दोघे झोपडपट्टींत राहत होते. तेव्हां घरेंच नाहींत असें नव्हे; ज्याला घर हवें त्याच्या ऐपतींतलें घर नाहीं.

याचें मूळ जमिनीच्या किंमतींत आहे. साध्या घराच्या विटा, सिमेंट व मजुरी यांना वरळीस लागणारा खर्च आणि नावड्यास लागणारा खर्च यांत फारसें अंतर नसतें. अंतर पडतें तें जमिनीच्या भावामुळें. जमीन अतिशय महाग झाली म्हणजे तिच्यावर लहान घर बांधणें बांधणाऱ्याला सोयीचें वाटत नाहीं. तो ऐश्वर्याचें घर बांधतो, आणि तें पुष्कळदां राहण्यासाठीं नव्हे तर पैसा सांठविण्यासाठीं घेतलें जातें. तिजोरीला कुलूप लागतें, तसें त्यालाही लागतें.

गिरणगांवाची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमावलीप्रमाणें गिरणीच्या जमिनीचे ढोबळ मानानें तीन वांटे व्हावयाचे होते : एक मोकळ्या जागेसाठीं शहराला, एक सामान्यांच्या घरांसाठीं आणि एक मालकाला. २००१ मध्यें या नियमांत बदल झाला. वांटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच राहिली. आणि गिरणीच्या आवारांत तशी जमीन असावयाची किती? सर्वोच्च न्यायालयानें मार्च २००६ मध्यें हा बदल कायम केला. पुढें श्रीनिवास मिलच्या जागेवर २८० मीटर उंचीचा ‘वर्ल्ड वन’ हा निवासी मनोरा उभा राहिला. गिरणी कामगारांसाठीं मात्र डिसेंबर २०१६ मध्यें २,४१७ घरांची सोडत निघाली ती पनवेलपलीकडील कोन येथें. तीं घरें मुळांत भाड्यानें देण्याकरितां बांधलेलीं, १६० चौरस फुटांचीं. दोन जोडून एक केलें आणि किंमत ६ लक्ष रुपये ठरविली. बी. डी. डी. चाळींतली खोलीही सुमारें १६० चौरस फुटांचीच होती, परंतु तेथून गिरणी पायीं गांठतां येई.

नव्या मुंबईची कल्पना याहून वेगळी होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं ती १९६५ मध्यें मांडली. १९७० मध्यें सिडको स्थापन झाली. जमीन सार्वजनिक ताब्यांत असावी, व्यापारी भूखंडांच्या विक्रींतून होणारा फायदा गरिबांच्या घरांसाठीं वापरावा, असें सूत्र होतें. त्याकरितां ९५ गांवांच्या जमिनी घेण्यांत आल्या. मोबदल्यासाठीं जानेवारी १९८४ मध्यें शेतकऱ्यांनीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जें आंदोलन केलें, त्यांत गोळीबारानें पांच जण प्राणांस मुकले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची.

परंतु ज्याला भूखंड विकूनच खर्च भागवावयाचा, त्याला भाव चढलेलेच बरे वाटतात. हा दोष सूत्राच्या पोटांतच आहे. सिडकोनें जानेवारी २०२५ मध्यें आपल्या २६,००० घरांच्या ज्या किंमती जाहीर केल्या, त्यांत तळोज्याचें दुर्बल घटकांसाठींचें घर २५ लक्षांच्या पुढें होतें. खारघर स्थानकाजवळचें अल्प उत्पन्न गटाचें घर तर ९७ लक्षांवर गेलें होतें. नुसता हिशेब करून पाहावा. २० लक्षांचें कर्ज, व्याज शेंकडा ९, मुदत २० वर्षें. हप्ता येतो महिना सुमारें १८ हजार. कारखान्यांत वीस-बावीस हजार कमावणाऱ्याच्या घरीं मग चूल कशावर पेटावी?

असा माणूस सोडतीच्या वाटेस फारसा जात नाहीं. तो जुन्या गांवांत शिरतो. भूमिपुत्रांनीं गांवठाणालगत ‘गरजेपोटीं’ बांधलेलीं घरें, आणि त्यांतल्या भाड्याच्या खोल्या, हीच या भागांतली त्याच्या आवांक्यांतली घरें होत. तीं नियमित करण्याचे निर्णय शासनानें एकाहून अधिक वेळां जाहीर केले आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धांवूं लागली. आणि जेथें आगगाडी पोहोंचते तेथें भाडें वाढतें, हा मुंबईचा जुना अनुभव आहे.