गोंगाट शिकवणारी प्रयोगशाळा

यंदा आमच्या कॉलेजातली कम्युनिकेशन लॅब मोडली. सीआरओ आणि फंक्शन जनरेटर भंगाराच्या यादीत गेले, त्या जागी आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या शाखेसाठी संगणकांच्या रांगा लागल्या. नाशिकमध्ये ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या मला हे फार लागलं.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. १९८४ मध्ये नाशिकला के. के. वाघ महाविद्यालय सुरू झालं, मग इतरही आली. सुरुवातीची वर्षं तयार किटला वायरी जोडण्यात आणि जर्नलं भरण्यात गेली.

खरं शिकवणं झालं ते २००५ ते २०१५ या दशकात. आम्ही डिजिटल कम्युनिकेशनची किटं कपाटात ठेवली आणि मुलांच्या हाती ब्रेडबोर्ड दिले. एक कंपॅरेटर, एक ७४७४ फ्लिपफ्लॉप, रेझिस्टर-कपॅसिटरचा इंटिग्रेटर: झाला डेल्टा मॉड्युलेटर, म्हणजे सिग्नलच्या मागे पायऱ्यापायऱ्यांनी धावणारं सर्किट. इनपुटची फ्रिक्वेन्सी वाढवली की पायऱ्यापायऱ्यांचा सिग्नल मागे पडायचा. पायरी मोठी केली की संथ सिग्नलवर खरखर वाढायची. एक दुखणं बरं करताना दुसरं बळावतं, हे मुलं तिथं शिकली. क्लॉकवर ट्रिगर लावून बिट एकावर एक आणले की पडद्यावर डोळ्यासारखा ‘आय पॅटर्न’ उमटायचा; चॅनलची बँडविड्थ कमी करताच तो डोळा मिटू लागायचा. ग्राउंड सैल असेल तर ५० हर्ट्‌झची गुणगुण शिरायची आणि ती शोधण्यात अख्खं प्रॅक्टिकल जायचं. ते वाया गेलं असं मला कधीच वाटलं नाही.

वरच्यांना मात्र वाटायचं. एका प्रयोगाला इतके आठवडे कशाला, असं विचारलं जाई. एक्सटर्नल परीक्षक येत, फाईलवरच्या सह्या मोजत आणि सर्किटकडे न बघता मार्क देत. लॅब खरी मोडली ती तिथे.

याच नाशकात २०१४ पासून कुंभमेळ्याच्या अडचणींवर उपाय शोधणारं कुंभथॉन भरलं. मूळचे नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर त्यामागे होते. त्यातून २०१५ च्या सिंहस्थात गर्दीची पावलं मोजणारी चटई वापरली गेली. हातानं करून बघणाऱ्या पोरांचं ते यश होतं.

२०२० च्या टाळेबंदीत प्रयोग स्क्रीनवर गेले. तेव्हा इलाज नव्हता. पण दारं उघडल्यावरही आपण सिम्युलेशनलाच प्रॅक्टिकल म्हणत राहिलो. सिम्युलेशनमध्ये आपण घालू तेवढाच गोंगाट (नॉइज) असतो; खरा गोंगाट न विचारता येतो, आणि या विषयाचा जन्मच त्याला तोंड देण्यासाठी झाला.

पैशांची सबब आता चालणार नाही. दोन-चार हजारांत मिळणारा आरटीएल-एसडीआर रिसीव्हर डोंगल आणि फुकटचं जीएनयू रेडिओ सॉफ्टवेअर एवढ्यावर खरे रेडिओ सिग्नल टेबलावर येतात. २०२७ च्या सिंहस्थात लाखो फोन एकाच शहरात नेटवर्क शोधतील. ते सांभाळणारे अभियंते हवे असतील तर विद्यापीठानं ओरल मुलाच्या स्वतःच्या चालत्या सर्किटसमोर घ्यावी, आणि मार्क त्यानं शोधलेल्या बिघाडाला द्यावेत.