मेंदूसंशोधनाचा निधी आणि विधिमंडळ-सदस्यांचा पाठिंबा : मूल्यमापनाचा प्रश्न

एखाद्या शास्त्रीय संशोधनास शासनाने द्रव्यसाहाय्य करावे काय, या प्रश्नावर विधिमंडळाचा अमुक सदस्य अनुकूल आहे की प्रतिकूल, हे ठरविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याने केलेले मतदान पाहणे. राजकीय वर्तनाच्या अभ्यासात ही पद्धती चांगलीच रूढ आहे. परंतु अमेरिकेतील मेंदूसंशोधनाच्या निधीचा इतिहास तपासल्यास मतदानाची नोंद हे पाठिंब्याचे फारच अपुरे गमक ठरते, असे दिसून येईल.

प्रथम तेथील कार्यपद्धती ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकी काँग्रेस एका अधिनियमाने एखाद्या कार्यास मान्यता देते व त्यावरील खर्चाची मर्यादा आखते. प्रत्यक्ष पैसा मात्र सामान्यतः दरवर्षीच्या विनियोजन अधिनियमानेच हाती येतो. पहिल्या टप्प्यात औदार्य दाखविणे सुलभ असते. कारण त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या वाट्यातून काही काढून घ्यावे लागत नाही. १९८९ साली काँग्रेसने १९९० पासूनचे दशक ‘मेंदूचे दशक’ म्हणून घोषित करणारा संयुक्त ठराव संमत केला. या शास्त्राकडे लोकांचे लक्ष वेधण्याचे कार्य त्याने केले. पण निधीची कोणतीही तरतूद त्यात नव्हती. अशा ठरावास दिलेला पाठिंबा खरा असला तरी त्याचे मोल सदस्यास द्यावे लागत नाही.

याहून बोधप्रद उदाहरण अलीकडचे आहे. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २ एप्रिल २०१३ रोजी ‘ब्रेन’ हा उपक्रम जाहीर करून पहिल्या वर्षासाठी सुमारे १० कोटी डॉलर प्रस्तावित केले. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये ‘एकविसाव्या शतकातील उपचार’ या आशयाच्या नावाचा अधिनियम झाला. त्याने या उपक्रमासाठी १० वर्षांत मिळून १५१ कोटी १० लक्ष डॉलर निर्धारित केले. प्रतिनिधिगृहात तो ३९२ विरुद्ध २६ आणि सिनेटमध्ये ९४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला.

या आकड्यांवरून काय निष्पन्न होते? जवळजवळ सर्वच सदस्य एका बाजूस असतील, तर त्या मतदानाने सदस्यासदस्यांतील भेद कळत नाही. विरोधी मतांचा अर्थही सरळ नाही. सिनेटमधील पाच विरोधकांत बर्नी सँडर्स व एलिझाबेथ वॉरेन हे होते. त्यांचा आक्षेप औषध-उत्पादक कंपन्यांना मिळणाऱ्या सवलतींवर होता, मेंदूसंशोधनावर नव्हे. अनेक विषय एकत्र गुंफलेल्या विधेयकावरील मत कोणत्याही एका विषयावरील मत म्हणून मोजणे हा तर्कदोष होय.

खरा निर्णय अन्यत्र झाला. या उपक्रमाचा निधी दोन प्रवाहांतून येतो : एक, वार्षिक विनियोजनातील मूळ रक्कम, दुसरा, २०१६ च्या अधिनियमातील वर्षवार ठरलेली रक्कम. २०२२ च्या अर्थवर्षात मूळ रक्कम ४६ कोटी ८० लक्ष व अधिनियमाची १५ कोटी २० लक्ष, अशी एकूण ६२ कोटी डॉलर होती. २०२३ मध्ये अधिनियमाची रक्कम पूर्वनियोजनानुसार ४५ कोटींवर गेली. तेव्हा मूळ रक्कम २३ कोटींवर आणण्यात आली. एकूण ६८ कोटी झाले, म्हणजे वरकरणी वाढच दिसली. २०२४ मध्ये अधिनियमाची रक्कम १७ कोटी २० लक्षांवर उतरली, आणि मूळ रक्कम मात्र २३ कोटींवरच राहिली. परिणामी एकूण निधी ४० कोटी २० लक्ष झाला. एका वर्षात सुमारे ४१ टक्क्यांची घट झाली. ही घट कोणत्याही सदस्याने ‘मेंदूसंशोधनास विरोध’ म्हणून केलेली नव्हती. मार्च २०२४ च्या प्रचंड विनियोजन-विधेयकात तो एक लहानसा अंश होता.

तिचा परिणाम मात्र लहान नव्हता. संशोधन-अनुदाने बहुधा अनेक वर्षांची असल्याने चालू अनुदानांची देणी आधी भागवावी लागतात. कपातीचा भार मुख्यतः नव्या अर्जांवर पडतो.

यावरून मूल्यमापनाच्या काही कसोट्या निघतात. सदस्य विनियोजन समितीत आहे काय, आणि असल्यास तेथे त्याने मूळ रकमेचे रक्षण केले काय? तात्पुरता निधी आटणार हे आधीच माहीत असताना त्याने पर्यायी तरतूद सुचविली काय? आपल्या मताच्या बदल्यात त्याने काय मागून घेतले? २००९ च्या अर्थोत्तेजक विधेयकास पाठिंबा देणाऱ्या तीन रिपब्लिकन सिनेटरांपैकी आर्लेन स्पेक्टर यांनी राष्ट्रीय आरोग्य संस्थांसाठी सुमारे १० अब्ज डॉलर मिळविले. सौदा करण्याची ही तयारी पाठिंब्याची तीव्रता दाखविते. साध्या होकारात ती दिसत नाही. अर्थात तो निधीही मुदतीपुरताच होता, हे विसरून चालणार नाही.

तात्पर्य, अभ्यासकाने मतदानाच्या नोंदींपासून आरंभ करण्यास हरकत नाही. परंतु समित्यांचे अहवाल, दोन्ही प्रवाहांचे आकडे आणि निदान पाच-सहा वर्षांचा क्रम एकत्र पाहिल्यावाचून निष्कर्ष काढू नये. हे काम कष्टाचे आहे. तथापि सदस्यांना मिळणारे श्रेय व त्यांच्यावर येणारी जबाबदारी यांची न्याय्य वाटणी त्यावाचून होणे कठीण आहे.