दहा आगगाड्या आणि एक नियम

पाच गाड्या पूर्वेला, पाच पश्चिमेला. डबे आखूड की लांब, छप्पर आहे की नाही, माल कोणता, एवढ्यावरून दिशेचा नियम शोधायचा. संगणकशास्त्रज्ञ मिहाल्स्की यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे १९७० च्या दशकातलं कोडं. उदाहरणांवरून प्रोग्रॅम रचणारं कोणतंही टूल बसवलं की मी आधी हेच त्याच्यापुढे ठेवते.

सध्या हाताशी 'पॉपर' आहे. अँड्र्यू क्रॉपर आणि रॉल्फ मोरेल यांचा त्यावरचा मूळ लेख २०२१ चा. नाव तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचं. क्लिंगो हा सॉल्व्हर एक नियम सुचवतो, प्रोलॉग तो उदाहरणांवर तपासतो. नियमाने नको असलेली गाडीही पकडली, तर त्याहून ढिले सगळे नियम बाद. हवी असलेली सुटली, तर त्याहून कडक सगळे बाद. एका चुकीतून शोधाचा केवढा तरी भाग छाटला जातो, हे लॉगमध्ये बघताना मला अजूनही आनंद होतो. शेवटी उत्तर येतं: गाडीला एक डबा आहे, तो आखूड आहे, तो बंद आहे. म्हणजे गाडी पूर्वेची.

या उत्तरात तीन अटी आहेत. पॉपरच्या इनपुटच्या तीन फाइल्सपैकी एकीत उदाहरणं असतात, दुसरीत गाड्यांची माहिती. तिसरी बायसची. नियमात कोणते शब्द चालतील, अटी जास्तीत जास्त किती, हे तिथे लिहितात. ती मर्यादा दोनवर आणली, तर हा नियम शोधाच्या कक्षेतच येत नाही. टूल कितीही चांगलं असो. म्हणून लेखातला निकालांचा तक्ता आपल्या मशीनवर पुन्हा काढायचा तर ही फाइल अक्षरशः तीच हवी. नुसत्या वर्णनावर भागत नाही.

इन्स्टॉलेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. क्लिंगो, एसडब्ल्यूआय-प्रोलॉग, पायथन यांच्या आवृत्त्या डॉकरमध्ये गोठवल्या की झालं.

खरी गोम टाइमआउटमध्ये. मशीन संथ असेल तर वेळ संपेपर्यंत नियम हाती येत नाही, आणि तक्त्यात अचूकता घसरलेली दिसते. वास्तविक तो प्रोसेसरचा वेग असतो. शिवाय उदाहरणं थोडी असली की सारख्याच लांबीचे दोन नियम त्यांना बसू शकतात. कोणता आधी सापडेल ते सॉल्व्हरच्या क्रमावर. नव्या गाड्यांवर त्या दोन नियमांची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

त्यामुळे आकडे जुळले नाहीत की मी सेकंदांकडे बघत नाही. आधी लेखातली आणि माझी अशा दोन्ही बायस फाइल्स शेजारी उघडते, मग टूलने एकूण किती नियम तपासले ते मोजते.