ढगांआडचा पूर टिपणारे रडार

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं असतं आणि साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला फक्त ढग दिसतात.

रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परतलेल्या टिपतो. ढग आणि अंधार त्याला आडवे येत नाहीत. उघड्या, संथ पाण्यावरून लहरी दुसरीकडेच निघून जातात, म्हणून ते चित्रात काळं दिसतं. जंगलात झाडांखाली साचलेलं पाणी मात्र उजळ उमटतं, कारण लहर पाणी आणि खोड या दोन्हींवर आपटून माघारी येते.

३० जुलै २०२५ रोजी झेपावलेल्या इस्रो-नासाच्या ‘निसार’ या रडार उपग्रहाची सुमारे २४ सेंटिमीटरची लहर पानांच्या दाटीतून बरीच खाली उतरते. जंगलांच्या गडचिरोलीसाठी हे मोलाचं आहे. पण त्याच कक्षेवर तो १२ दिवसांनी परततो. झपाट्याने चढणाऱ्या पुराला इतर रडार उपग्रहांची जोड हवीच.