हिवतापाचे पुनरागमन

रुग्णांची संख्या घटली म्हणजे रोगाचे मूळ नष्ट झाले, असे नव्हे. हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे भारताच्या अनुभवावरून स्पष्ट होते.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख लोक दगावत. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण-कार्य सुरू झाले. घराघरांतील भिंतींवर डीडीटी फवारण्यात आले. १९५८ साली निर्मूलनाचे ध्येय स्वीकारण्यात आले. रोग इतका ओसरला की, १९६३ साली दिल्लीतील भारतीय मलेरिया संस्थेकडे इतर सांसर्गिक रोगांचेही कार्य सोपवून तिचे नाव बदलण्यात आले. १९६५ साली रुग्ण सुमारे एक लाख होते. १९७६ साली ते ६४ लाखांवर गेले.

असे का झाले? अॅनॉफेलीस डासाची मादी जन्मतः दूषित नसते. रुग्णाचे रक्त शोषताना हिवतापाचे परजीवी तिच्या शरीरात जातात. तेथे त्यांची वाढ होण्यास साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात. त्यानंतर तिचा दंश रोग पसरवितो. म्हणून जेथे हे डास आहेत, तेथे उपचारावाचून राहिलेला एक रुग्णही साथीस कारण होऊ शकतो. शिवाय डीडीटीला न जुमानणारे डास निपजले. शहरातील अॅनॉफेलीस स्टिफेन्साय टाक्या, हौद व विहिरी यांच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. भिंतीवरील फवारा तेथे पोहोचत नाही.

दिल्ली, गाझियाबाद, नोएडा, फरिदाबाद व गुरुग्राम येथे कामासाठी निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येतात. त्यांच्याबरोबर परजीवीही येऊ शकतात. त्यांपैकी व्हायवॅक्स जातीचे परजीवी यकृतात महिनोन्महिने सुप्त राहतात. यास्तव ताप आलेल्याचे रक्त तत्काळ तपासावे. व्हायवॅक्स आढळल्यास, ताप उतरला तरी, वैद्याने दिलेला प्रिमाक्वीनचा क्रम पूर्ण करावा. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात एखादा आठवडा पुरतो. म्हणून टाक्या घट्ट झाकाव्यात आणि कूलर व इमारतीच्या बांधकामावरील पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करावीत.

श्रीलंकेत १९६३ साली केवळ १७ रुग्ण उरले होते. दक्षता शिथिल झाली आणि १९६८-६९ मध्ये पाच लाखांहून अधिक लोकांना हा रोग जडला. २०१६ साली ते राष्ट्र हिवतापमुक्त ठरले; मात्र परदेशांतून येणाऱ्या तापाच्या रुग्णांचा शोध तेथे चालूच राहिला. भारताने निर्मूलनासाठी २०३० हे वर्ष ठरविले आहे. ते साधल्यावरही रक्ततपासणी व पाण्याची निगराणी चालूच ठेवावी लागेल. कारण परजीवी नाहीसे झाले तरी डास येथेच असतील.