पदवीनंतरचे शंभर तास : ब्रिटनमध्ये दंतवैद्यांची नोंदणी कशी टिकते?

भारतातून ब्रिटनमध्ये जाणाऱ्या दंतवैद्यांना परदेशी पदवीधारकांसाठीची नोंदणी परीक्षा हाच बहुधा सर्वांत कठीण टप्पा वाटतो. मात्र नोंदवहीत नाव लागणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते तेथे टिकवणेही महत्त्वाचे असते. त्यासाठी वार्षिक शुल्काबरोबरच अध्ययनाचा हिशेबही द्यावा लागतो.

तेथील नियामक संस्था असलेल्या जनरल डेंटल कौन्सिलने १ जानेवारी २०१८ पासून निरंतर व्यावसायिक विकासाची सुधारित योजना लागू केली. तिच्यानुसार दंतवैद्याने पाच वर्षांच्या चक्रात किमान १०० तासांचे, पडताळणी करता येईल असे अध्ययन करणे बंधनकारक आहे. डेंटल हायजिनिस्ट आणि थेरपिस्ट यांच्यासाठी ही मर्यादा ७५ तास, तर डेंटल नर्स आणि तंत्रज्ञांसाठी ५० तास आहे. नव्याने नोंदणी झालेल्या दंतवैद्याचे चक्र नोंदणीनंतरच्या १ जानेवारीपासून सुरू होते.

केवळ एकूण बेरीज जुळणे पुरेसे नाही. कोणत्याही सलग दोन वर्षांत मिळून किमान १० तास भरले पाहिजेत. पहिल्या तीन वर्षांतच १०० तास पूर्ण करून पुढील दोन वर्षे काहीच न केल्यास नियमभंग होतो. ज्ञान अद्ययावत राहावे, शेवटच्या क्षणी धावपळ होऊ नये, हा यामागील उद्देश आहे.

स्वतःहून केलेले वाचन या तासांत मोजले जात नाही. अध्ययनाचा विषय, उद्दिष्टे, दिनांक आणि तास नमूद केलेले प्रमाणपत्र आवश्यक असते. शिवाय प्रत्येकाने वैयक्तिक विकास आराखडा तयार करून, शिकलेल्या गोष्टींचा कामात काय उपयोग झाला याचीही नोंद ठेवावी लागते.

काही विषयांची परिषदेने विशेष शिफारस केली आहे. वैद्यकीय आणीबाणीसाठी चक्रात किमान १० तास व दरवर्षी किमान २ तास, तर निर्जंतुकीकरण आणि क्ष-किरण सुरक्षा यांसाठी प्रत्येकी ५ तास सुचवले आहेत. उपचाराच्या खुर्चीवर रुग्णाला तीव्र ॲलर्जी होण्याचा प्रसंग क्वचितच येतो. म्हणूनच त्याचा सराव विस्मरणात जाण्याचा धोका अधिक असतो.

दंतवैद्यांना मागील वर्षाच्या तासांचे निवेदन २८ जानेवारीपर्यंत सादर करावे लागते. अर्धवेळ काम करणाऱ्यांना किंवा प्रसूती रजेवर असलेल्यांनाही सूट नाही. अटी पूर्ण न झाल्यास नाव नोंदवहीतून वगळले जाऊ शकते. त्याविरुद्ध अपील करता येते. मात्र नाव वगळल्यानंतर व्यवसाय करणे हा कायद्याने गुन्हा ठरतो.

भारतात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याखाली राज्य परिषदांनी नोंदवह्या ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली. भारतीय दंत परिषदेनेही निरंतर दंतशिक्षणासाठी श्रेयांक पद्धती स्वीकारली. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला, त्यात नीतिमत्ता व नोंदणीसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे.

दोन्ही देशांतील व्यवस्था भिन्न असल्या, तरी तत्त्व एकच आहे. पदवी एकदाच मिळते. रुग्णाचा विश्वास मात्र दरवर्षी नव्याने कमवावा लागतो.