माल्टा बेटावरील तीर्थदर्शन

वर्षप्रतिपदेच्या मंगल दिनी नव्या वर्षाचे संकल्प होतात. ज्या भाविकांच्या संकल्पात यंदा भूमध्य समुद्रातील माल्टा बेटाचे दर्शन असेल, त्यांनी एक सूत्र ध्यानी धरावे : प्रवासाची तीर्थयात्रा होते ती नियमपालनाने.

प्रथम तिथी निश्चित करावी. म्नाय्द्रा येथील पाषाणमंदिर सुमारे पाच सहस्र वर्षांपूर्वीचे. विषुवदिनी उगवत्या सूर्याचे किरण त्याच्या महाद्वारातून थेट अंतर्भागात प्रवेश करतात. आपला पाडवाही वसंतविषुवाच्या सुमारासच येतो. आकाश वाचणाऱ्या दोन दूरस्थ समाजांचे हे साम्य मनास स्पर्शून जाते.

हाल साफ्लिएनी येथे भूगर्भात कोरलेले प्राचीन दफनस्थान १९०२ साली उजेडात आले. मनुष्याच्या श्वासोच्छ्वासाने तेथील गेरूची चित्रे झिजतात. म्हणून दिवसाकाठी केवळ ८० जणांना प्रवेश मिळतो. तिकिटे कित्येक आठवडे आधीच घ्यावीत. उतावीळ भक्त मूर्तीलाच धक्का लावतो, हे कोणत्याही देवस्थानी सत्य आहे.

व्हॅलेटा नगरीतील सेंट जॉन प्रार्थनामंदिरात काराव्हाज्जोने १६०८ साली रंगविलेले संत जॉन यांच्या शिरच्छेदाचे चित्र आहे. तेथील संगमरवरी भूमी म्हणजे सरदारांच्या समाधिशिलाच. म्हणून टोकदार टाचांची पादत्राणे वर्ज्य. खांदे व गुडघे झाकलेले असावेत.

आपल्या देवळात आपण पाहुण्याकडून जी मर्यादा अपेक्षितो, तीच तेथे पाळावी. यात्रेचे खरे पुण्य तेच.